कमाल वेळ किती? जिनिंग कारखान्यातील ठिणगी-नियंत्रकाच्या प्रोग्रामचा प्रकरण अभ्यास

परभणी जिल्ह्यातील सेलू परिसरात एक जिनिंग-प्रेसिंग कारखाना आहे. तेथील रुईच्या पाइपवर ठिणगी ओळखणारे एक नियंत्रक यंत्र बसवलेले होते. वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कार्यशाळेने ते तयार केले होते. हंगामाच्या ऐन भरात एका रात्री यंत्राने ठिणगी ओळखली, झडपही उघडली, तरी जळता पुंजका झडपेच्या पुढे निघून गेला आणि रुईच्या ढिगात धुमसू लागला. कामगारांनी वेळीच ढीग फोडल्यामुळे नुकसान थोडक्यात आटोपले आणि कोणालाही इजा झाली नाही. कार्यशाळेच्या कागदपत्रांत मात्र 'प्रोग्रामचा कमाल प्रतिसाद-वेळ १२ मिलिसेकंद' असे स्पष्ट लिहिले होते. ते खरे असते, तर झडप उघडायला उशीर होण्याचे काहीच कारण नव्हते. कार्यशाळेने मला बोलावले ते या एका आकड्याची शहानिशा करण्यासाठी. तो आकडा कसा आला, खरा आकडा किती निघाला आणि तो कसा काढला, याची ही सविस्तर नोंद आहे.

कापसाच्या कारखान्याशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. शेतातून आलेल्या कापसात खडे, लोखंडाचे तुकडे, कधी गाडीचा एखादा नटबोल्टही येतो. जिनमध्ये सरकी आणि रुई वेगळी होते आणि रुई हवेच्या झोताने पाइपमधून प्रेसकडे जाते. खडा पंख्याच्या पात्यावर किंवा लोखंडी कोपऱ्यावर आपटला की ठिणगी उडते आणि ती रुईत अडकून पुढे वाहू लागते. रुईच्या आगीचा धोका ज्वाळेपेक्षा धुमसण्यात अधिक असतो. सुमारे १७० किलोच्या गाठीत दाबली गेलेली ठिणगी बाहेरून दिसत नाही आणि गोदामात कित्येक तासांनी पेट घेऊ शकते. म्हणून पाइपवर अवरक्त प्रकाश टिपणारे सेन्सर बसवतात, आणि ठिणगी दिसताच पुढची झडप फिरवून तेवढी रुई बाहेरच्या मोकळ्या जागेत सोडून देतात. प्रेसकडच्या भागात आणि रुईच्या ढिगाऱ्याजवळ माणसे काम करत असतात, त्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. पुढे येणारा मिलिसेकंदांचा सगळा हिशेब त्यांच्याच जवळ उभा राहून वाचावा, अशी माझी विनंती आहे.

८० मिलिसेकंद कोठून आले

सेन्सरपासून झडपेपर्यंतचे अंतर ४.५ मीटर होते. शेडच्या खांबांमुळे ते वाढवणे शक्य नव्हते. पाइपमधील वेग मोजला तेव्हा सेकंदाला साडेचौदा मीटरच्या आसपास आला, आणि पंख्याच्या रचनेनुसार तो १५ मीटरच्या वर जाणार नव्हता. म्हणजे ठिणगी दिसल्यापासून ती झडपेशी पोहोचेपर्यंत कमीत कमी ३०० मिलिसेकंद हातात होते. झडप हवेच्या दाबाच्या सिलिंडरवर चालते. दाब ५ बार असताना, विजेच्या इशाऱ्यावर हवा सोडणाऱ्या सोलेनॉइडसह, ती पूर्ण फिरायला १९० मिलिसेकंद लागत. प्रेशर स्विच ज्या ४ बारच्या खाली यंत्र थांबवतो, त्या दाबाला २१५ लागत. हिशेब नेहमी वाईट बाजूने धरायचा असल्याने २१५ धरले. सेन्सरचे स्वतःचे इलेक्ट्रॉनिक्स आणि 'ही खरोखर ठिणगीच आहे' याची खात्री करण्यासाठी लागणारे सलग नमुने यांना मिळून ५ मिलिसेकंद. उरले ८०. नमुना मेमरीत आल्यापासून झडपेचे आउटपुट चालू होईपर्यंत प्रोग्रामला मिळणारा वेळ एवढाच.

या पाइपमध्ये एक मिलिसेकंद म्हणजे रुईचा दीड सेंटिमीटर प्रवास, हे प्रमाण मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले. 'वीसच मिलिसेकंद उशीर झाला' हे वाक्य किरकोळ वाटते. 'पुंजका झडपेच्या फूटभर पुढे गेला होता' हे किरकोळ वाटत नाही.

१२ चा आकडा कसा आला होता

प्रोग्राम साध्या रचनेचा होता. ७२ मेगाहर्ट्झवर चालणारा कॉर्टेक्स-एम३ गाभ्याचा मायक्रोकंट्रोलर, कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम नाही, एकच मेन लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारे कामांचे चक्र. लूपची प्रत्येक फेरी सुरू होताना चार सेन्सरांचे नवे नमुने तपासायचे, ठिणगी असल्यास झडपेचे आउटपुट लगेच चालू करायचे, मग नोंदवहीत एखादी नोंद राहिली असल्यास ती लिहायची, पॅनेलवरच्या डिस्प्लेने काही विचारले असल्यास मॉडबस या औद्योगिक संदेश-पद्धतीवरून उत्तर पाठवायचे, प्रोग्राम अडकल्यास यंत्र पुन्हा सुरू करणाऱ्या वॉचडॉगला खूण द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. नमुने दर पाव मिलिसेकंदाला डीएमएमार्फत, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता, थेट मेमरीतल्या ५१२ जागांच्या गोल रांगेत पडत; रांग भरली की नवे नमुने सर्वांत जुन्यांच्या जागी लिहिले जात. त्यामुळे प्रोग्राम दुसऱ्या कामात असला तरी १२८ मिलिसेकंदांपर्यंतचे नमुने सुरक्षित राहत. रचना विचारपूर्वक केलेली होती, हे आवर्जून सांगितले पाहिजे. आउटपुट आधी आणि नोंद नंतर, हा क्रमही योग्यच होता.

कार्यशाळेतील अभियंत्यांनी फेरीच्या सुरुवातीला एक पिन बदलती ठेवून ऑसिलोस्कोपवर सलग तीन दिवस मोजमाप केले. सर्वांत लांब फेरी ११.४ मिलिसेकंदांची आढळली. ती वर नेऊन १२ लिहिले गेले.

मोजमापात चूक नव्हती. मोजले गेले ते त्या तीन दिवसांत प्रोग्रामच्या वाट्याला आलेले प्रसंग. टेबलावर ठेवलेल्या यंत्रासमोर अधूनमधून लायटर पेटवला जात होता, डिस्प्ले मुख्य पानावर स्थिर होता, आणि नोंदवही जवळजवळ कोरी होती. प्रोग्रामला किती फाटे आहेत, त्यांतले किती फाटे या तीन दिवसांत तुडवले गेले, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. निरीक्षणातून मिळणारा सर्वांत मोठा आकडा हा खऱ्या कमाल वेळेपेक्षा लहान किंवा फार तर तेवढाच असतो. तो कधीच मोठा नसतो. म्हणजे चूक झाली तर ती नेहमी धोक्याच्याच बाजूला होते. गोदावरीच्या पुलाची उंची ठरवताना कोणी गेल्या तीन दिवसांचे पाणी पाहून थांबत नाही.

कमाल वेळ हिशेबाने काढणे

कोणत्याही प्रोग्रामविषयी 'हा कधी तरी थांबेल का' एवढेही ठरवून देणारी सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. मग कमाल वेळ काढण्याच्या गोष्टी कशाच्या बळावर करायच्या? उत्तर असे की आपल्याला कोणत्याही प्रोग्रामचा नव्हे, तर वेळेच्या शिस्तीत लिहिलेल्या प्रोग्रामचा हिशेब करायचा असतो. प्रत्येक लूप जास्तीत जास्त किती वेळा फिरेल हे ज्यात सांगता येते, स्वतःलाच बोलावणारी फंक्शने ज्यात नसतात आणि ज्याचा मार्ग आकडेवारीने बांधता येतो, अशा प्रोग्रामचा कमाल वेळ काढता येतो. अचूक वेळ हाती लागला नाही, तरी जिच्या वर तो जाणार नाही अशी हमखास मर्यादा हाती लागते.

या कामाला तीन बाजू असतात. प्रोग्रामचे मार्ग कोणते आणि त्यांतला प्रत्येक तुकडा किती वेळा चालू शकतो, ही पहिली. प्रत्येक तुकड्याला त्या विशिष्ट प्रोसेसरवर जास्तीत जास्त किती सायकल, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके (७२ मेगाहर्ट्झला सेकंदाला ७.२ कोटी), लागतात, ही दुसरी. आणि या दोहोंना जोडून सर्वांत महाग मार्ग शोधणे, ही तिसरी. मोठ्या प्रोग्राममध्ये मार्गांची संख्या अफाट असते आणि ते एकेक करून मोजणे अशक्य होते. म्हणून १९९५ मध्ये ली आणि मलिक यांनी मार्ग न मोजता प्रत्येक तुकडा किती वेळा चालतो हेच अज्ञात मानून रेषीय समीकरणांनी कमाल काढण्याची रीत मांडली. आजची बहुतेक विश्लेषण-साधने त्याच वाटेने जातात. आमचा प्रोग्राम लहान होता. मी ही समीकरणे कागदावरच मांडली, पण विचार तोच.

प्रोसेसरच्या बाबतीत आमचे नशीब चांगले होते. कॉर्टेक्स-एम३ मध्ये कॅश (अलीकडे वापरलेली माहिती हाताशी ठेवणारी जलद मेमरी) नाही आणि सूचनांचा क्रम बदलून चालवण्याची सोयही नाही. कॅश असली की एकाच सूचनेला कधी एक सायकल तर कधी अनेक पट अधिक लागतात, आणि आधी कोणता मार्ग चालला यावर ते अवलंबून असते. त्याहून अवघड गोष्ट १९९९ मध्ये लुंडक्विस्ट आणि स्टेनस्ट्रोम यांनी दाखवून दिली. क्रम बदलून चालणाऱ्या प्रोसेसरवर एखाद्या ठिकाणी वेळ वाचला, तर त्यामुळेच पुढे एकूण वेळ वाढू शकतो. तेथे प्रत्येक तुकड्याचा वाईट वेळ घेऊन बेरीज करणे पुरेसे ठरत नाही. आमच्या साध्या चिपवर ती बेरीज पुरेशी होती. काळजी घ्यायची होती ती दोन गोष्टींची. या वेगाला फ्लॅश मेमरीतून (वीज गेली तरी प्रोग्राम टिकवणाऱ्या मेमरीतून) सूचना वाचताना दोन सायकल थांबावे लागते, आणि भागाकाराला आकड्यांनुसार २ ते १२ सायकल लागतात. मी प्रत्येक वेळी थांबावे लागेल आणि प्रत्येक भागाकार १२ सायकलचा असेल असे धरले. त्याप्रमाणे चारही सेन्सरांच्या एका नमुना-संचाला ४५० सायकल आले. प्रत्यक्ष मोजणीत ते ३१० च्या आसपास येत होते. दोघांतला फरक मी मुद्दाम तसाच ठेवला.

लूप किती वेळा फिरेल, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नव्हता. नमुने तपासणारा लूप 'मागच्या फेरीनंतर जेवढे नवे आले तेवढे' तपासत होता. म्हणजे मागची फेरी जितकी लांबली, तितकी ही फेरी लांबणार. मर्यादा शोधायची तर रांगेच्या लांबीतच शोधावी लागते. ५१२ संच गुणिले ४५० सायकल म्हणजे २,३०,४०० सायकल, म्हणजेच ३.२ मिलिसेकंद. तापमानाचे गणित आणि इतर किरकोळ कामे मिळून ०.६. येथवर सगळे बिनघोर होते.

मग मॉडबसचे उत्तर आले. ते ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने, जात होते आणि पूर्ण पाठवून होईपर्यंत प्रोग्राम तेथेच उभा राहत होता. एका अक्षराला ११ बिट, म्हणजे सुमारे १.१५ मिलिसेकंद. डिस्प्लेचे मुख्य पान दोन रजिस्टरे (दोन-दोन बाइटांचे आकडे) विचारते. त्याचे उत्तर ९ बाइटांचे होते आणि त्याला १०.३ मिलिसेकंद लागतात. ११.४ चा आकडा येथून आला होता. पण डिस्प्लेला दुसरे पान होते, अलार्मचे. ते एका दमात २० रजिस्टरे विचारत असे. त्याचे उत्तर ४५ बाइटांचे, म्हणजे ५१.६ मिलिसेकंदांचे. मॉडबसच्या नियमाप्रमाणे एका वेळी १२५ रजिस्टरे मागता येतात, आणि तसे असते तर उत्तराला २९२ मिलिसेकंद लागले असते. येथे नियमावली पाहून चालत नाही, कोड पाहावा लागतो. कोडमध्ये २० च्या पुढची मागणी नाकारणारी तपासणी होती, म्हणून मर्यादा २० धरली. तपासणीची ती एक ओळ नसती तर पुढचा सगळा हिशेब वेगळा झाला असता.

ज्या पानाने घात केला

नोंदवही मायक्रोकंट्रोलरच्या स्वतःच्या फ्लॅशमध्येच ठेवलेली होती. प्रत्येक नोंद १६ बाइटांची, म्हणजे दोन-दोन बाइटांचे आठ शब्द. एक शब्द लिहायला डेटाशीटप्रमाणे (उत्पादकाच्या माहितीपत्रकाप्रमाणे) जास्तीत जास्त ७० मायक्रोसेकंद, म्हणजे नोंदीला ०.५६ मिलिसेकंद. हे ठीक. पण फ्लॅशवर पुन्हा लिहिण्यापूर्वी तिचे संपूर्ण पान, म्हणजे मेमरीचा एक ठरावीक भाग, पुसावे लागते. पान १०२४ बाइटांचे, त्यात ६४ नोंदी मावतात, आणि ६४ वी नोंद झाली की प्रोग्राम पुढचे पान त्याच वेळी पुसून ठेवत असे. पान पुसण्याला डेटाशीट २० ते ४० मिलिसेकंद देते. त्या काळात त्याच फ्लॅशमधून सूचना वाचायची म्हटले तर प्रोसेसर खोळंबतो. सगळा प्रोग्राम त्याच फ्लॅशमध्ये होता. म्हणजे त्या ४० मिलिसेकंदांत मेन लूप थांबतो आणि इंटरप्टही, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून धावणारी तातडीची कामेही, थांबतात, कारण त्यांचा कोडही तेथूनच यायचा असतो. दर मिलिसेकंदाला टिकटिक करणारा घड्याळाचा इंटरप्टही त्यात आला. यंत्राचे घड्याळ नेमके विलंब होत असतानाच बंद पडत होते. त्यामुळे कोडमध्ये 'आजवरची सर्वांत लांब फेरी' टिपण्याची जी सोय होती, तिला हा विलंब कधी दिसलाच नाही. नोंदवहीतल्या वेळांवर विसंबून आम्ही दोन दिवस घालवले, त्याचे कारण हेच.

याखेरीज एकूण नोंदींचा गणक फ्लॅशच्या दुसऱ्या पानांवर होता. दर नोंदीला दोन बाइटांचा नवा आकडा लिहिला जाई, पान ५१२ आकड्यांनी भरे, आणि भरले की गणकाचे राखीव पान पुसले जाई. ५१२ हा आकडा ६४ च्या पटीतला आहे. म्हणून दर ५१२ व्या नोंदीला दोन्ही पाने एकाच फेरीत पुसली जात. ८० मिलिसेकंद तेथेच गेले.

आता बेरीज. नमुने ३.२, किरकोळ ०.६, दोन पाने ८०, नोंद आणि गणक मिळून ०.६३, अलार्म-पानाचे उत्तर ५१.६. फेरी सुमारे १३६ मिलिसेकंदांची. ठिणगीचा नमुना या फेरीची तपासणी सुरू झाल्यानंतर लगेच आला तर त्याला ही संपूर्ण फेरी वाट पाहावी लागेल आणि पुढच्या फेरीतली ३.२ ची तपासणी वर. एकूण १३९. मर्यादा ८० ची. शिवाय फेरी १३६ ची असेल तर १२८ मिलिसेकंदांची गोल रांग स्वतःवरच लिहू लागते. म्हणजे त्या फेरीच्या पहिल्या आठ मिलिसेकंदांत आलेली ठिणगी उशिरा काय, कधीच दिसणार नाही.

हिशेब फुगवणे हेही योग्य नाही. कोडमध्ये दिव्यांच्या चाचणीचा एक तुकडा होता, बटण दाबल्यावर १५ मिलिसेकंद घेणारा. आंधळी बेरीज केली तर तो १३९ च्या वर आणखी चढतो. पण शेवटच्या नोंदीपासून ३० सेकंद चाचणी नाकारणारी अट कोडमध्येच होती, आणि नोंदीचे काम चाचणीच्या आधी होते. म्हणून नोंदीची फेरी आणि चाचणीची फेरी एकच असू शकत नाही. असा मार्ग कागदावर दिसतो, प्रत्यक्षात चालत नाही. तो वगळण्याचा पुरावा कोडमध्ये बोट ठेवून दाखवता येत असेल तरच वगळावा, 'असे सहसा होत नाही' म्हणून वगळू नये, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच होती. एकाच पानाचे पुसणे आणि अलार्मचे पान एकेकटे आले तर प्रोग्राम मर्यादेत बसतो. एक पान पुसले जात असताना डिस्प्ले मुख्य पानावर असेल तर ५८ मिलिसेकंद, आणि अलार्मचे पान उघडे असताना पुसणे नसेल तर ५९. दोन्ही एकत्र आले, पान एकच पुसले गेले तरी, ९९. एखादा म्हणेल की दोन विरळ गोष्टी एकाच फेरीत येण्याची शक्यता किती. पण या दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. नोंदवहीत झडप उघडण्याइतक्या मोठ्या ठिणग्यांखेरीज लहान, 'सावधान' पातळीच्या ठिणग्याही नोंदल्या जात. खडा पंख्यात फुटतो तेव्हा तुकड्यांची माळ निघते. आधी बारीक ठिणग्या, मागून मोठी. बारीक ठिणगी झडप उघडत नाही, नोंद मात्र लिहायला लावते, आणि तिच्या नोंदीसाठी पान पुसले जात असताना मागून मोठी ठिणगी येते. याच वेळी लाल दिवा पाहून ऑपरेटर अलार्मचे पान उघडून उभा असतो, आणि ते पान दर सेकंदाला २० रजिस्टरे मागत राहते. प्रोग्रामचा सर्वांत लांब मार्ग संकटाच्या क्षणीच, संकटानेच बोलावला जात होता. शांत टेबलावर तीन दिवस काय, तीन महिने मोजले असते तरी तो कदाचित दिसला नसता.

त्या रात्री नेमके काय झाले, याविषयी मी जेवढे सांगू शकतो तेवढेच सांगतो. घटनेच्या जवळची 'सावधान' नोंद क्रमांक १०२४ ची होती, म्हणजे ५१२ च्या दुप्पट. पॅनेलपाशी असलेल्या मिस्त्रींनी मला सांगितले, "साहेब, लाल दिवा लागला तसं मी अलार्मचं पान उघडलं व्हतं. झडप पडल्याचा आवाज आला, पण पुंजका तवर पुढं गेला व्हता." हवेचा दाब त्या क्षणी किती होता याची नोंद ठेवण्याची सोय यंत्रात नव्हती. दाब खालच्या मर्यादेजवळ असला तर पुढे टेबलावर मोजलेला १०१ मिलिसेकंदांचा वेळ घटनेशी जुळतो, ५ बारला असला तर जुळत नाही. कारण सिद्ध झाले असे मी अहवालात लिहिले नाही. मार्ग अस्तित्वात आहे आणि तो मर्यादेबाहेर जातो, हे मात्र निःशंकपणे लिहिले.

टेबलावरची पडताळणी आणि तिच्यावरचा वाद

हिशेब लिहून झाल्यावर तो खरा मार्ग मुद्दाम चालवून पाहणे आवश्यक होते. आम्ही गणक ५११ वर आणला, डिस्प्लेच्या जागी सतत अलार्मचे पान मागणारा संगणक जोडला आणि ठिणगीच्या जागी एलईडी. फेरी सुरू झाल्यापासून किती उशिरा एलईडी चमकवायचा तो काळ थोडाथोडा सरकवत शेकडो वेळा प्रयोग केला. वेळ यंत्राच्या घड्याळाने न मोजता ऑसिलोस्कोपने मोजला. सर्वांत जास्त १०१ मिलिसेकंद आढळले.

कार्यशाळेचे मालक म्हणाले, "सर, मग तुमचा १३९ चा आकडा जास्तच झाला की." प्रश्न रास्त होता. फरक जवळजवळ सगळा पान पुसण्याच्या वेळेत होता. आमच्या टेबलावरच्या चिपला एका पानाला २२ मिलिसेकंद लागत होते, मी ४० धरले होते. परंतु २२ हा त्या एका चिपचा, त्या दिवशीचा स्वभाव आहे. उत्पादकाने शब्द दिला आहे तो ४० चा. उद्या त्याच क्रमांकाची दुसऱ्या खेपेतली चिप ३८ घेऊ लागली तर तक्रार करायला आपल्याला जागा नाही. हमी ज्या आकड्याची मिळते, हिशेब त्याच आकड्यावर उभा राहिला पाहिजे. आणि १०१ घेतले तरी ८० ओलांडलेच जातात, हे त्यांना दाखवल्यावर चर्चा 'किती' वरून 'काय करायचे' कडे वळली. वॉचडॉगचाही विषय निघाला. तो २५० मिलिसेकंदांचा होता आणि कधीच चालला नव्हता. प्रोग्राम जिवंत आहे की नाही, एवढेच तो सांगतो. काम वेळेत झाले की नाही, हे त्याला कळत नाही.

दुरुस्ती

नव्या यंत्रांत ठिणगीचा निर्णय मेन लूपमधून काढून दर मिलिसेकंदाला येणाऱ्या, सर्वांत वरच्या प्राधान्याच्या इंटरप्टमध्ये नेला. एवढ्याने भागले नसते, कारण पान पुसताना इंटरप्टही थांबतो. म्हणून नोंदवही बाहेरच्या एफरॅम चिपवर नेली, जिला लिहिण्यापूर्वी पुसावे लागत नाही. मॉडबसचे उत्तरही अक्षरागणिक इंटरप्टने जाऊ लागले. इंटरप्टमध्ये आता चार संच, जास्तीत जास्त २,१०० सायकल, म्हणजे सुमारे ०.०३ मिलिसेकंद. इंटरप्ट बंद ठेवणारा सर्वांत लांब तुकडा ०.०४ चा. नमुना आल्यापासून आउटपुटपर्यंत १.१ मिलिसेकंदाच्या आत.

उरलेल्या मेन लूपचे काय होते, हेही पाहिले पाहिजे, कारण इंटरप्ट त्याचा वेळ खातात. यासाठी १९८६ मध्ये मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या यांनी प्रसिद्ध केलेली रीत वापरली. दोघांचाही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी संबंध राहिला आहे, ही आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी गोष्ट. कल्पना सोपी आहे. कामाला स्वतःचा वेळ लागतो. त्या वेळात वरच्या प्राधान्याची कामे जितक्यांदा येतील तितका वेळ त्यात मिळवा. वेळ वाढला म्हणून ती आणखी एखाद्या वेळी येतील, तेही मिळवा. आकडा हलायचा थांबला की तेच उत्तर. आमच्या लूपचे स्वतःचे काम ५ मिलिसेकंदांचे. त्यात नमुन्यांचा इंटरप्ट पाच वेळा ०.०३ आणि अक्षराचा इंटरप्ट पाच वेळा ०.००६, बेरीज ५.१८. आता पाच मिलिसेकंद ओलांडले म्हणून नमुन्यांचा इंटरप्ट सहा वेळा, बेरीज ५.२१. पुन्हा केले तरी ५.२१ च. तेथे थांबलो.

जुन्या यंत्रांचा प्रश्न अधिक अवघड होता, कारण त्यांच्या बोर्डवर नवी चिप बसवायला जागा नव्हती आणि हंगाम चालू होता. तेथे फक्त प्रोग्राम बदलला. मॉडबसचे उत्तर तेथेही अक्षरागणिक इंटरप्टने पाठवायचे. पंख्याची मोटर बंद असल्याचा सिग्नल यंत्राला मिळत होताच. पाइपमधून रुई जात नसतानाच आठ पाने पुसून तयार ठेवायची, म्हणजे ५१२ नोंदींची सोय होते. गणकाचे राखीव पानही तेव्हाच पुसायचे. तयार पाने संपली तर मोटर चालू असेपर्यंत नवी नोंद लिहायचीच नाही. यावर कार्यशाळेतील एका अभियंत्याचा आक्षेप होता की मोठ्या प्रसंगाच्याच नोंदी हरवतील आणि नंतर कारण शोधता येणार नाही. आक्षेप खरा आहे, कारण मी स्वतः याच नोंदींवर अवलंबून होतो. तरीही झडप आणि नोंद यांत निवड करायची वेळ आली तर झडपच, असे मी लेखी दिले. या बदलानंतर जुन्या बोर्डावरचा कमाल प्रतिसाद सुमारे ८ मिलिसेकंद येतो.

आता सर्वांत मोठा वाटा सिलिंडरच्या २१५ मिलिसेकंदांचा आहे. हवेच्या दाबाचा सेन्सर जोडून त्याची नोंद ठेवण्याचे काम चालू आहे. प्रत्येक पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला आम्ही एक तक्ता चिकटवला आहे. त्यावर पाइपचे अंतर, धरलेला वेग, सिलिंडरचा वेळ, प्रोग्रामची मर्यादा आणि प्रोग्रामची आवृत्ती लिहिलेली आहे. त्याखाली एक ओळ आहे : 'यांपैकी काहीही बदलल्यास हिशेब पुन्हा करून घ्यावा.' गेल्या महिन्यात सेलूहून फोन आला. पंख्याची पुली बदलून वेग वाढवायचा आहे, साहेब, चालेल का, असे विचारण्यासाठी तो होता. आकडे पाठवायला सांगितले आहेत.